शेवट कोणी ठरवावयाचा?

गोष्ट आवडली, पण शेवट पटला नाही, ही तक्रार फार जुनी आहे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे कोणतेही मागणीपत्र हाती आले की दोन गोष्टी आधी पाहतो : कबूल काय केले होते, आणि मागणी करावयाची ती कोणाकडे. हीच दोन मापे येथेही लावून पाहू.

कॅनडातील बायोवेअर कंपनीने 'मास इफेक्ट' नावाचा संगणकावरचा खेळ २००७, २०१० व २०१२ अशा तीन भागांत काढला. खेळणाऱ्याने निर्णय घ्यावयाचे आणि कथा त्याप्रमाणे वळावयाची, असा त्याचा कौल होता. पण तिसऱ्या भागाच्या अखेरीस कोणी काहीही निवडले तरी दृश्य जवळजवळ एकच. फरक मुख्यतः तांबड्या, निळ्या, हिरव्या रंगाचा. खेळाडू संतापले. काहींनी त्या तीन रंगांचे, पण एकाच चवीचे छोटे केक कंपनीकडे धाडले. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने शेवट अधिक उलगडून फुकट दिला. ही तक्रार रास्त होती, कारण कबूल केलेले पदरात पडले नव्हते.

'शोले'चे (१९७५) निराळे. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. आणीबाणीतल्या सेन्सॉरला ते मान्य झाले नाही, म्हणून पोलीस आणावे लागले. प्रेक्षकाला तेथे कोणी विचारलेच नाही. मागणी निराळी आणि हुकूम निराळा, तो असा.

आता नागराज मंजुळे यांचा 'सैराट' (२०१६) घ्या. पाटलाची आर्ची आणि मासेमाराचा परश्या पळून हैदराबादेस जातात, कष्टाने संसार मांडतात. हे शहर आपल्याला परके नाही. १९५६ पर्यंत आपला नांदेड जिल्हा त्याच राज्यात होता. अखेर माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात आणि दोघांनाही मारून जातात. रक्ताने पाय माखलेले मूल रडत चालू लागते, तेव्हा पडद्यावर संगीतही उरत नाही. इतकी गाणी ऐकवून असे का केले, असे कित्येकांना वाटले. कित्येकांना हाच शेवट खरा वाटला. 'धडक' (२०१८) या हिंदी अवतारात तो बदलला : नवरा व मूल मरतात, मुलगी वाचते.

परंतु शेवट अचानक आला, हे म्हणणे टिकत नाही. पूर्वार्धातच आर्चीचा भाऊ वर्गात शिक्षकाच्या थोबाडीत मारतो आणि त्याचे कोणी काही वाकडे करीत नाही. पुढे काय होणार ते तेथेच सांगून ठेवले होते. कौल मोडला गेला नाही.

मग मागणी कोणाकडे करावयाची? दिग्दर्शकाकडे करून पडद्यावरची दोन माणसे वाचतील, गावातली नाही. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अशा जोडप्यांच्या रक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा, असे राज्य सरकारांना बजावले. तेव्हा ज्यांना 'सैराट'चा शेवट सोसला नाही, त्यांनी आपल्या जिल्ह्यात त्या कक्षाचे काम कसे चालते याची चौकशी करावी, आणि आपल्या भावकीत कोणी असा बेत बोलू लागला तर त्याला तेथेच अडवावे. तो शेवट बदलणे आपल्या हाती आहे.