तीनशे शब्दांचा खटला

दोन लाख शब्दांच्या पुस्तकातले तीनशे शब्द म्हणजे हजारी दीड. एवढी उचल कुणाच्या लक्षात तरी येईल का? अमेरिकेत ती थेट सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि उचलणारा हरला!

पुस्तक होतं माजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या आठवणींचं. १९७९ साली ते बाजारात येण्याआधीच त्याचं हस्तलिखित ‘द नेशन’ या नियतकालिकाच्या संपादकाच्या हाती लागलं. त्याने घाईघाईने सव्वादोन हजार शब्दांचा लेख बेतला. त्यात पुस्तकातलं शब्दशः घेतलेलं जेमतेम तीनशे-चारशे शब्दांचं. पण ते शब्द होते कुठले? त्यातले मोलाचे नेमके फोर्ड यांनी आधीचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना दिलेल्या माफीबद्दलचे. ज्यासाठी लोक पुस्तक विकत घेणार, तेच. ‘टाइम’ने पुस्तकातले उतारे आधी छापण्याचा हक्क २५,००० डॉलरला ठरवला होता. ‘द नेशन’चा लेख आला आणि ‘टाइम’ने उरलेले साडेबारा हजार द्यायला नकार दिला. १९८५ मध्ये निकाल लागला, सहा विरुद्ध तीन. बहुमतातल्या न्यायमूर्तींनी नुसते शब्द मोजले नाहीत. पुस्तकाचा प्राण किती गेला, हे पाहिलं.

मला मात्र या निकालापेक्षा त्याने जे मोकळं सोडलं त्याचं नवल वाटतं. फोर्ड यांनी माफी का दिली, तेव्हा काय काय घडलं, ही माहिती कुणाच्याच मालकीची नाही, अगदी फोर्ड यांच्याही नाही. मालकी फक्त ती सांगण्याच्या त्यांच्या शब्दांवर. तीच हकिकत सर्वस्वी आपल्या भाषेत मांडली असती, तर कॉपीराइटच्या नावाने बोट ठेवायला फारशी जागा उरली नसती.

मग किती शब्द चालतात? लिहिणाऱ्या मंडळींत ‘अडीचशेपर्यंत चालतं’, ‘चार ओळींना कोण विचारतंय’ असे आकडे फिरत असतात. ते कायद्यात नाहीत. अमेरिकेच्याही नाहीत आणि आपल्या १९५७च्या कायद्यातही नाहीत. आपलं कलम ५२ आधी विचारतं, कशासाठी? स्वतःच्या अभ्यासासाठी, समीक्षेसाठी, चालू घडामोडींच्या बातमीसाठी असेल, तर न्याय्य प्रमाणात घ्या. कवितेवर लिहायचं तर तिच्या ओळी द्याव्याच लागतात. त्याच ओळी टी-शर्टवर छापून विकायच्या, तर कवीची किंवा वारसांची परवानगी काढा. आणि खाली ‘साभार’ लिहिलं की सगळं माफ, हा आपल्याकडचा लाडका समज. श्रेय देणं वेगळं, परवानगी वेगळी.

प्रयोजनाचा हा धागा कुठवर ताणला जातो, ते दिल्लीत दिसलं. विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानात अभ्यासक्रमातल्या पुस्तकांची प्रकरणं एकत्र बांधून मिळत. ऑक्सफर्ड, केंब्रिज यांच्यासारख्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो फेटाळला. खंडपीठानेही तत्त्व तेच धरलं, की शिकवण्यासाठी जेवढं खरोखर लागतं तेवढं घेता येतं. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी माघार घेतली. देश दोन, कायदे दोन हे खरंच. तरी एकीकडे तीनशे शब्द जड झाले आणि दुसरीकडे प्रकरणंच्या प्रकरणं पचली!

आणि काळाचं कुंपण? तेही हलतं. आपल्याकडे मुदत पूर्वी लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले, म्हणजे १९९१ अखेर त्यांचं साहित्य सर्वांचं व्हायचं. हक्क विश्वभारतीकडे होते. ऐन वेळी मुदत ६० वर्षं करण्यात आली, आणि एका कवीपायी, हक्काची मुदत तोवर न संपलेल्या देशातल्या सगळ्या लेखकांना दहा वर्षं वाढवून मिळाली. याच हिशेबाने मर्ढेकर २०१७च्या १ जानेवारीला मोकळे झाले. पुलंनी हयातीत प्रसिद्ध केलेलं सरसकट छापायचं, तर १ जानेवारी २०६१ उजाडावी लागेल. त्यावर समीक्षा मात्र आज लिहा, लागतील तेवढ्या ओळी घेऊन.