वह्या, वखार आणि सर्व्हर

व्यापाऱ्याची पत त्याच्या वह्यांत असते. आज त्या वह्या सर्व्हरांच्या समूहात वसतात. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने फाइल-वाटपाच्या व्यवस्थेतील छिद्र बुजविणारी दुरुस्ती दिली. ती न बसविलेल्या यंत्रांतील फायली १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने सुमारे १५० देशांत कुलूपबंद केल्या. ५९ दिवसांचा हा प्रमाद!

दुरुस्तीसाठी पेढी बंद ठेवावी लागतेच असे नाही. एका सर्व्हरचा भार इतरांवर सोपवावा, त्यास अद्ययावत करून पारखावे, मगच दुसऱ्यास हात लावावा. मात्र तत्पूर्वी विलग प्रत राखावी. कारण समूहातील यंत्रे अनेक असली तरी साठा बहुधा एकच असतो.

न हलविलेल्या थप्पीस कीड लागते, हे आम्हां धान्य-व्यापाऱ्यांस कोणी शिकवावयास नको. तीच दक्षता बंधूंनी वह्यांविषयीही बाळगावी, ही आमची नम्र विनंती.