लूप लागलाय

रात्रीचे दोन वाजून आठ मिनिटं झालीत. बाहेर महापे एमआयडीसीत पाऊस पत्रे बडवतोय. मी कटिंगचा दुसरा घोट घेतो, तेवढ्यात समोरच्या पडद्यावरचे हिरवे ठिपके भराभर लाल व्हायला लागतात. आधी पाच-सहा, मग अख्खी ओळ, मग शेजारची. शिफ्टचा पोरगा, लागून तीन महिनेही झाले नाहीत त्याला, पिंग लावून बसलाय. चार पोचतात, अकरा हरवतात, पुन्हा दोन पोचतात.

"दादा, लाइन गेली का?"

लाइन गेली असती तर बरं झालं असतं. जेसीबीनं रस्ता खणताना फायबर तोडली की दुसऱ्या कंपनीच्या लाइनवर ट्रॅफिक वळतं आणि जोडणारी माणसं येईपर्यंत आपण चहा प्यायचा. हे मात्र धड मेलेलंही नाही, धड जिवंतही नाही.

टेबलावरचा फोन मुका आहे, तोही याच नेटवर्कवर चालतो. मोबाइल थरथरतोय. आमच्या डेटा सेंटरचे ग्राहक, पेणचे मूर्तिवाले, झोपलेत अजून, त्यांचा फोन सकाळी येईल. हा न्यू जर्सीच्या एका मराठी मंडळाचा. तिथे दुपारचे साडेचार वाजलेत आणि गणेशोत्सवाची तिकिटं आजच सुटलीत. "अहो, किती वेळ लागेल?" मी म्हणतो, "अर्ध्या तासात कळवतो." या धंद्यात मुरलेला माणूस वेळ देतो ती फोन करण्याची. दुरुस्तीची वेळ देणारा एकतर नवा असतो किंवा सेल्सचा.

साहेब घरून नेटवर्कमध्ये शिरायचा प्रयत्न करतायत, जमत नाही. आत शिरायचा रस्ताही या बिघडलेल्या नेटवर्कच्याच स्विचांवरून जातो. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुकची हीच गत झाली होती. देखभालीच्या एका कमांडनं त्यांची डेटा सेंटर्स एकमेकांपासून तुटली, त्यांचे डीएनएस सर्व्हर जगाला दिसेनासे झाले आणि दुरुस्तीची हत्यारं त्याच तुटलेल्या जाळ्यात अडकून पडली. सुमारे सहा तास गेले. किल्ली घरात आणि दार लागलेलं. आमचं घर लहान, एवढंच आमचं नशीब.

सर्व्हर रूमच्या दाराशी आधी कार्ड, मग बोट. पहिलं दार लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही, आणि आज ते मुद्दाम सावकाश लागतंय असं वाटतं. आत गारठा आणि पंख्यांची घरघर. शेजारच्याशीही ओरडून बोलायचं. स्विचकडे बघतो आणि पोटात गोळा येतो. एरवी पोर्टांवरचे दिवे ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे लुकलुकतात. आता अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस एका तालावर, लेझमीच्या पथकासारखे, आणि इतके जलद की सतत पेटलेलेच वाटावेत.

"लूप लागलाय!" मी पोराच्या कानात ओरडतो.

आयपीच्या पॅकेटवर आयुष्याचा आकडा लिहिलेला असतो. लिनक्समधून निघालं तर बहुधा ६४. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो, शून्य झालं की पॅकेट संपलं. त्याच्या खालच्या थरातली इथरनेटची फ्रेम मात्र असला आकडा घेऊन जन्मत नाही. केबलींचं चुकून वर्तुळ झालं, की 'हा पत्ता कुणाचा?' असं सगळ्यांना विचारत निघालेली एखादी फ्रेम अश्वत्थाम्यासारखी फिरतच राहते, आणि प्रत्येक स्विच तिच्या नव्या प्रती काढून बाकीच्या पोर्टांवर सोडतो. बघता बघता वायरी तुडुंब. यावर रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ साली स्पॅनिंग ट्रीचा उपाय काढला. स्विच आपापसात निरोप पाठवून वर्तुळ ओळखतात आणि त्यातली एक वाट बंद ठेवतात. (पर्लमनबाईंनी त्यावर कविताही केली आहे. आमच्या क्षेत्रातलं वाङ्मय जवळजवळ तेवढंच.) आमच्याकडे स्पॅनिंग ट्री चालू आहे. मग लूप लागला कसा?

कन्सोलची चपटी निळी केबल लावून मी जमिनीवर मांडी घालतो. प्रोसेसर ९९ टक्क्यांवर. एक अक्षर टाइप करतो. काही नाही. पंखे घरघरतात. मग अक्षर उमटतं, मेहेरबानी केल्यासारखं. दुसरं अक्षर.

"दादा, सरळ रीस्टार्ट मारू या ना!"

मारता येईल. सगळे ग्राहक दहा मिनिटं पूर्ण अंधारात, आणि स्विच उठल्यावर तीच केबल त्याच जागी. मी मान हलवतो आणि त्याला न्यू जर्सीला फोन करायला बाहेर पिटाळतो. अर्धा तास होत आलाय.

शेवटी ओळी सरकायला लागतात, आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा. एकाच यंत्राचा मॅक पत्ता या क्षणी ३१ नंबरच्या पोर्टवर, पुढच्या क्षणी ३२वर. त्या दोन पोर्टांतल्या राखाडी केबली बोटांनी चाचपत मी रॅकच्या तळाशी जातो. ग्राहकाच्या सर्व्हरमागे आठ पोर्टांचा एक स्वस्तातला स्विच, घरात टीव्हीमागे असतो तसला, झिप टायनं टांगलाय. दोन्ही केबली त्यातच. ग्राहकाचा माणूस दीड वाजता आल्याची आणि दोनच्या सुमारास गेल्याची नोंद रजिस्टरात आहे. एक केबल पुरली असती. बिचाऱ्यानं चांगल्या मनानं दुसरीही लावली.

३२च्या केबलची क्लिप तुटकी आहे. नखानं दाबून ओढतो. टक्. दिवे थबकतात, आणि मग एकेक करून आपापल्या लयीला लागतात. मघाचा ताल मोडला.

"येतंय दादा, पिंग येतंय!" पोरगा दारातूनच ओरडतो. २ वाजून ५१.

मी ३१ची कॉन्फिग उघडतो. बीपीडीयू फिल्टरची ओळ तिथे बसलीय. स्पॅनिंग ट्रीचे निरोप ती गाळून टाकते, म्हणून स्विचला वर्तुळ दिसलंच नाही. वर पोर्टच्या वर्णनात लिहिलंय 'टेम्प', पुढे तीन वर्षांपूर्वीची तारीख, आणि त्यापुढे माझी आद्याक्षरं. आठवतं. कुणाचं तरी मशीन जोडलं जात नव्हतं, अशीच रात्र होती, सकाळी काढू म्हटलं होतं.

पोरगा वाचतो आणि समोरच्या पंख्याकडे बघत राहतो. गुणी आहे.

ओळीआधी 'नो' टाइप करून मी सेव्ह करतो आणि गुडघे धरत उठतो. तो माझ्या जागी बसतो, सगळ्या कॉन्फिगमध्ये तीच ओळ शोधायला लावतो आणि पडद्यावर बोट टेकवून मोजायला लागतो.

"दादा," तो म्हणतो, "अजून अकरा आहेत."