सातपुड्याचा घाट आणि सायकलचे गणित

लांब पल्ल्याच्या सायकल सहलीचा बेत आखताना बहुतेक जण आधी अंतर पाहतात. दिवसाला ६० किलोमीटर जमतील की ८०, यावर चर्चा रंगते. डोंगराळ भागात मात्र अंतरापेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. रस्ता किती चढतो आणि त्यावर मोटारी किती धावतात. नंदुरबार जिल्ह्यात या दोन्हींचे प्रमाण व्यस्त आहे. तापीकाठचा सपाट रस्ता पायांना सोपा, पण वाहनांनी गजबजलेला. सातपुड्यातला रस्ता मोकळा, पण दमवणारा.

महाराष्ट्रात मोटारींना खरोखर बंदी असलेले डोंगरावरचे ठिकाण म्हणजे माथेरान. तेथे खासगी मोटार दस्तुरी नाक्यापुढे जात नाही. सातपुड्यात अशी बंदी नाही. वस्ती विरळ, पाडे विखुरलेले आणि घाट अवघड, म्हणून तेथे मोटारी कमी आहेत. सायकलस्वाराला मिळणारा फायदा मात्र बराचसा तोच आहे.

रस्ते कोणते?

मैदानातून डोंगरात शिरणारे तीन घाट सायकलस्वारांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. शहाद्याहून म्हसावद, राणीपूरमार्गे तोरणमाळला नेणारा सातपायरी घाट, तळोद्याहून धडगावकडे जाणारा चांदसैली घाट आणि अक्कलकुव्याहून मोलगीला जाणारा देवगोई घाट. धडगाव आणि मोलगी रस्त्याने जोडलेले आहेत. त्यामुळे तळोदा, चांदसैली, धडगाव, मोलगी, देवगोई, अक्कलकुवा अशी दोन दिवसांची फेरी आखता येते. मुक्काम कोठे करायचा ते मात्र आधी ठरवून निघावे.

या फेरीतला सर्वांत त्रासदायक टप्पा घाटातला नसून शेवटचा, अक्कलकुवा ते तळोदा हा आहे. तो अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गावर येतो आणि तेथे अवजड वाहनांची सतत ये-जा असते. शहादा परिसरात हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्या आणि पपईचे ट्रक यांची त्यात भर पडते. सायकल सहलीचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम नेमका एकच. म्हणून मैदानातला टप्पा उजाडताच उरकावा आणि ऊन चढण्याआधी घाटाचा पायथा गाठावा.

मोटारी नसल्या तर काय बदलते?

पहिला फरक फुप्फुसांना जाणवतो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. चढावर सायकल हाकताना हेच प्रमाण ४० लिटरच्या घरात जाते. शिवाय धाप लागल्यावर आपण तोंडाने श्वास घेतो, त्यामुळे नाकातली गाळणी टाळून हवा थेट आत जाते. चढावर खालच्या गिअरमध्ये घरघरणाऱ्या ट्रकमागचा धूर मोटारीतल्या प्रवाशापेक्षा सायकलस्वाराच्या छातीत कितीतरी जास्त जातो तो यामुळेच.

दुसरा फरक अपघाताचा. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किलोमीटरने येणाऱ्या वाहनात ताशी ३० किलोमीटरच्या वाहनाच्या चौपट ऊर्जा असते. घाटाच्या आंधळ्या वळणावर तर दोघांनाही एकमेकांचा अंदाज उशिरा येतो.

‘मोकळा रस्ता’ कशाला म्हणायचे, याचे मोजमाप युरोपात ठरलेले आहे. तिथल्या ‘युरोव्हेलो’ या दूर पल्ल्याच्या सायकल मार्गांच्या जाळ्यात दिवसाला ५०० पर्यंत वाहने असलेला रस्ता अत्यल्प वर्दळीचा आणि २००० पर्यंतचा कमी वर्दळीचा मानतात. ५०० वाहने दिवसाच्या बारा तासांत विभागली तर तासाला चाळीसेक, म्हणजे दीड मिनिटाला एक. ही मोजणी करायला यंत्र लागत नाही. रस्त्याकडेच्या शाळेतली मुलेही ती करू शकतात. फक्त ती एकदा साध्या दिवशी आणि एकदा आठवडे बाजाराच्या दिवशी करायला हवी. बाजाराच्या दिवशी टपावर माणसे बसवलेल्या जीपगाड्या याच रस्त्यांवरून धावतात. होळीच्या आधीचे भोंगऱ्या बाजार आणि दिवाळीतली अस्तंब्याची यात्रा या काळात तर हे घाट मोकळे नसतातच. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याहून परतणाऱ्या भाविकांचे वाहन चांदसैली घाटात कोसळून जीवितहानी झाली. एरवी शांत असलेला रस्ता कोणत्या दिवशी टाळावा, हे स्थानिकांना विचारूनच निघावे.

चढाचा हिशेब

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे आणि तापीकाठचे मैदान दोनशे मीटरच्या आत-बाहेर. म्हणजे साधारण ९५० मीटर उंची चढायची. माणूस, सायकल आणि सामान मिळून ९० किलो धरले, तर सपाटीवर ताशी १५ किलोमीटरने जायला सुमारे ५५ वॉट शक्ती पुरते. शंभर मीटरला आठ मीटर अशा चढावर ताशी सहा किलोमीटरने जायलाही सुमारे १३० वॉट लागतात. त्याच चढावर ताशी दहाचा हट्ट धरला तर हा आकडा २१५ वॉटच्या पुढे जातो. नियमित सायकल चालवणारा सामान्य माणूस तासभर १०० ते १५० वॉट देऊ शकतो. म्हणून चढावर सावकाश जाणे हा कमकुवतपणा मानू नये. शरीराचा हिशेबच तसा आहे.

एवढी उंची गाठायला अन्नातून साडेआठशे ते नऊशे किलोकॅलरी खर्च होतात, म्हणजे चार-पाच भाकऱ्यांइतक्या. त्या एकदम खाऊन निघण्यापेक्षा दर अर्ध्या-पाऊण तासाला गूळ-शेंगदाणे, केळे असे थोडे थोडे खाणे बरे. घाम तासाला अर्धा ते एक लिटर जातो, उन्हात त्याहून जास्त. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरगुती मिश्रण दीर्घ चढावर नुसत्या पाण्यापेक्षा उपयोगी पडते. श्रम किती घ्यावेत याची सोपी कसोटी म्हणजे बोलणे. पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग ठीक आहे. दोन शब्दांनंतर दम लागत असेल तर उतरून सायकल ढकलावी. छातीत दडपण, चक्कर किंवा डाव्या हातात कळ आली तर तिथेच थांबावे. मोबाइलला सर्वत्र रेंज नसते, म्हणून घाटात एकट्याने जाऊ नये.

उतारावर धोका वेगळा असतो. चढताना साठवलेली सगळी ऊर्जा ब्रेकना उष्णतेच्या रूपात बाहेर टाकावी लागते. ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. दोन्ही ब्रेक मिळून, थोडे दाबून थोडे सोडून वापरावेत आणि मधे थांबून चाक गार होऊ द्यावे.

सिकलसेल विसरू नये

नंदुरबारमध्ये सायकल सहलींचा विचार करताना एक वैद्यकीय बाब टाळता येत नाही. जिल्ह्यातील आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष मोठ्या प्रमाणात आढळतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. आजार असलेल्यांना पाणी कमी पडणे, अतिश्रम, थंडी यांमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घाट चढू नये. वाहकांना एरवी काहीच त्रास नसतो. मात्र कडक उन्हात, पाण्यावाचून, सवय नसताना एकदम जोर लावला तर क्वचित स्नायूंना गंभीर इजा होते, असे सैनिकी प्रशिक्षणार्थींच्या अभ्यासांतून दिसले आहे. उपाय साधा आहे. श्रम हळूहळू वाढवावेत, पाणी पीत राहावे आणि सावलीत थांबावे. उद्या या रस्त्यांवर वाटाड्या म्हणून स्थानिक तरुणच सायकल चालवणार असतील, तर त्यांची तपासणी आधी व्हायला हवी. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ही तपासणी होते.

रस्ता कोणासाठी?

पाहुणा सायकलस्वार २७ गिअरची सायकल घेऊन येतो. पुढे २२ आणि मागे ३२ दाते असा गिअर लावला, की ताशी सहाच्या वेगातही पायडल मिनिटाला सत्तरेक फेरे घेते आणि गुडघे शाबूत राहतात. याच रस्त्यांवर मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना मिळालेल्या सायकलीही धावतात. साध्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते धरले, तर त्या चढावर पायडल मिनिटाला जेमतेम १९ फेरे घेईल. इतक्या संथ फेऱ्यांत ती रेटणे जवळपास अशक्य, म्हणून मुली उतरून ढकलतात. मैदानात शाळेची वाट सोपी करणारी सायकल पाड्यावर ओझे ठरते. मागे मोठी चक्री असलेली गिअरची सायकल हा त्यावरचा उपाय आहे आणि त्यात अवघड तंत्रज्ञान नाही.

वर्दळीचा प्रश्नही दोघांना सारखाच आहे. रस्ते सुधारणे गरजेचेच आहे, कारण बाळंतिणीला आणि सर्पदंशाच्या रुग्णाला वेळेत दवाखान्यात पोहोचवायचे असते. पण रस्ता गुळगुळीत झाला की वाहनांचा वेगही वाढतो. रुंदीकरण करतानाच वळणावर आरसे, पाड्याजवळ वेगरोधक आणि कडेला सायकलपुरती पक्की पट्टी ठेवली, तर खर्चात फार फरक पडत नाही. पाहुण्याला ती सहलीच्या दोन दिवसांपुरती लागेल. पाड्यावरच्या मुलीला ती रोज लागणार आहे.