गाणं घरातून निघालं, पण पोचलं का?



गाणारीला समोर ऐकणारं माणूस लागतं. मान हलली, डोळे पाणावले, की कळतं, गाणं पोचलं. पण मोबाईलपुढे नाहीतर कॉम्प्युटरपुढे बसून गायलं तर समोर नुसती काच असते. ती काच काही सांगत नाही. हे आमच्या गटाला चांगलंच कळलं. आपल्यातल्या पुष्कळ गटांना आता घरूनच भजन, ओव्या दूरच्या लेकी-सुनांपर्यंत पाठवायच्या असतात. आम्ही जे चुकलो, ते तुम्ही चुकू नये म्हणून आज बोलते आहे.

आमच्या गटातल्या एका काकूंची लेक परदेशात असते. ती आणि तिकडच्या काही मराठी मुली ‘सेकंड लाइफ’ नावाच्या एका जगात भेटतात. हे जग कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं आहे. अमेरिकेतल्या लिंडन लॅब या कंपनीनं ते २००३ साली सुरू केलं. तिथं आपल्या नावाची एक बाहुली असते, ती चालते, बसते, बोलते. जागा भाड्यानं घेता येते, घर बांधता येतं. या मुलींनी तिथं एक ओसरी मांडली, पुढं तुळस लावली. लेक म्हणाली, “आई, ३० सप्टेंबरला तुम्ही सगळ्या घरून ओव्या म्हणा. आम्ही इथं ओसरीत बसून ऐकतो.”

३० सप्टेंबर म्हणजे काय, हे किल्लारीत कुणाला सांगावं लागत नाही. १९९३ साली अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला धरणी हलली आणि दगडामातीची घरं अंगावर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून हजारो माणसं गेली. त्यात ओव्या येणाऱ्या बायाही होत्या. ज्या उरल्या, त्यांचे आता केस पिकले, दम लागतो. त्यांना पुन्हा पुन्हा बसवून गायला लावता येत नाही.

तर आम्ही जातं मांडलं, दोघी म्हाताऱ्या बसल्या, पाऊण तास गायल्या. आमच्यासुद्धा डोळ्यांत पाणी आलं. संपवून मोबाईल पाहिला, तर लेकीचा निरोप आलेला: “आई, कधी सुरू करताय?”

पाऊण तासात तिकडे एक शब्दही गेला नव्हता.

मग आम्ही गाणं कुठून कुठं जातं हे शिकलो. वाट साधी आहे. गळ्यातून माइकमध्ये, माइकमधून घरच्या मोबाईलमध्ये नाहीतर कॉम्प्युटरमध्ये, तिथून इंटरनेटनं बाहेर, आणि मग ऐकणारीच्या कानात. एक गोष्ट इथं समजून घ्या. सेकंड लाइफमध्ये ओसरीत गाणं वाजतं असं वाटतं, पण गाणं त्या कंपनीकडे जातच नाही. ओसरीच्या मालकिणीनं तिथं फक्त एक पत्ता लिहून ठेवलेला असतो. जी बाई ओसरीत येते, तिचा कॉम्प्युटर तो पत्ता वाचतो आणि गाणं आणायला थेट तिथं जातो. पत्ता चुकला की सगळंच चुकलं.

आमची पहिली चूक हीच. आम्ही घरच्या कॉम्प्युटरवरूनच गाणं वाटायचं ठरवलं होतं आणि त्याचा पत्ता दिला होता. तो पत्ता १९२.१६८ अशा आकड्यांनी सुरू होत होता. असा पत्ता फक्त घरातल्या घरात चालतो. ‘वरच्या फळीवरचा डबा’ म्हटलं तर घरातल्या बाईला कळतं, औशाच्या बाईला काय कळणार? आम्ही तपासून पाहिलं नव्हतं असंही नाही. दुसऱ्या खोलीत मोबाईलवर ऐकलं, छान वाजलं. पण तो मोबाईल त्याच घरच्या वाय-फायवर होता. म्हणून पहिला नियम असा, की घरच्या वाय-फायवर ऐकून खात्री मानू नका. वाय-फाय बंद करा, मोबाईलच्या डेटावर ऐका. त्याहून चांगलं म्हणजे दुसऱ्या गावच्या बहिणीला ऐकायला सांगा.

बरं, बाहेरचा खरा पत्ता शोधून दिला तरी काम होईलच असं नाही. मोबाईलच्या इंटरनेटवर कंपनी पुष्कळ गिऱ्हाइकांना मिळून बाहेर एकच पत्ता देते. अख्ख्या वस्तीची पत्रं एका दुकानात पडावीत तसं. आपण आतून बाहेर जाऊ शकतो, पण बाहेरचं माणूस नेमकं आपलं दार ठोठावू शकत नाही. घरी तारेचं इंटरनेट असेल तरी लाइट जाऊन राउटर बंद पडला, की परत सुरू होताना पुष्कळदा पत्ता बदलतो. सकाळी दिलेला पत्ता संध्याकाळी कामाचा राहत नाही.

घरून वाटण्यात आणखी एक अडचण आहे, ती हिशेबाची. बऱ्यापैकी आवाज पाठवायला सेकंदाला १२८ किलोबिट लागतात. ऐकणारी एक असेल तर १२८. दहा असतील तर प्रत्येकीला वेगळं पाठवावं लागतं, म्हणजे १,२८०. वीस असतील तर २,५६०, म्हणजे अडीच मेगाबिटच्या वर. इंटरनेटचा वेग तपासला की दोन आकडे दिसतात. मोठा आकडा बहुधा आत येण्याचा, म्हणजे डाऊनलोडचा असतो. आपल्याला बघायचा तो बाहेर जाण्याचा, अपलोडचा. गावात तो पुष्कळदा लहान असतो, आणि संध्याकाळी सगळे मोबाईल घेऊन बसले की आणखी कमी होतो. तीन जणी ऐकतात तोवर ठीक चालतं, आठवी आली की सगळ्यांचंच अडखळतं.

यावर उपाय असा, की वाटायचं काम घरून करूच नका. घरून एकच प्रत बाहेरच्या एका सर्व्हरला पाठवायची. ऐकणाऱ्या तिथून घेतील. पंगतीला प्रत्येकीच्या घरी ताट पोचवण्यापेक्षा एक पातेलं देवळात नेऊन ठेवावं तसं. मग ऐकणाऱ्या पाच असोत की पन्नास, आपल्या घरावर ओझं एकाच प्रतीचं. तासाला साधारण ५८ एमबी डेटा जातो. शाउटकास्ट आणि आइसकास्ट हे अशा सर्व्हरचे जुने, माहितीतले प्रकार आहेत. अशी जागा महिन्याच्या भाड्यानं मिळते. घेताना एकच विचारा, एका वेळी किती जणी ऐकू शकतील? दहाची हद्द असली तर अकरावीला काहीच ऐकू येणार नाही, आणि ती बिचारी आपला मोबाईल बिघडला असं समजेल.

आता समजा, गाणं पोचलं पण मध्ये मध्ये तुटतं. ते का, हे आपल्याला पाण्यावरून कळेल. लातूरकरांनी २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पाहिलं आहे. टाकी आणि टँकर तर आपल्या घरचेच. टाकी भरलेली असली तर टँकर थोडा उशिरा आला तरी नळ चालू राहतो. टाकी रिकामी झाली की नळ थांबतो. ऐकणारीच्या यंत्रातही गाण्याची अशी छोटी टाकी असते, तिला बफर म्हणतात. ती आधी थोडी भरते, मग वाजायला लागतं. म्हणून आपण गायलेलं तिकडे बरेच सेकंद उशिरा ऐकू जातं. तो बिघाड नाही. तेव्हा “आलं का गं ऐकू?” असं विचारून लगेच उत्तराची वाट बघू नका, आणि तिकडचा आवाज गाण्याच्या खोलीत स्पीकरवर लावू नका. मागचा आवाज पुढच्यात मिसळून नुसता गोंधळ होतो.

तुटतं ते कुणामुळे, हे ओळखायची खूण अशी. सगळ्या ऐकणाऱ्यांचं एकाच वेळी तुटलं, तर दोष आपल्या घराकडे किंवा सर्व्हरकडे. एकीचंच तुटलं, तर दोष तिच्याकडे. ही एक गोष्ट विचारली तरी अर्धं काम होतं. दोष आपल्याकडे असेल तर घरातले बाकीचे मोबाईल वाय-फायवरून काढा, राउटरच्या जवळ बसा, जमलं तर कॉम्प्युटरला तार जोडा. तरीही तुटलं तर १२८ चं ६४ करा. एका गळ्याच्या ओवीला तेवढं पुरतं. आवाज थोडा साधा होईल, पण सलग जाईल.

दुसऱ्या खेपेला आमचं गाणं पोचलं, पण लेक म्हणाली, “जातं कुठं आहे? आणि मावशींचा लांबवलेला सूर मध्येच विरतो.” आम्ही व्हिडिओ कॉलच्या अ‍ॅपमधून आवाज घेत होतो. अशी अ‍ॅप बोलण्यासाठी केलेली असतात. बोलणं सोडून जे सतत वाजतं, ते त्यांना पंख्याच्या घरघरीसारखं वाटतं आणि ती ते पुसून टाकतात. जात्याची घरघर, पेटीचा धरलेला सूर, टाळ, सगळ्याला त्यांच्या लेखी कचऱ्याचीच किंमत. बघा, ज्या जात्यानं बाईला गायला लावलं, तेच यंत्रानं आवाज म्हणून काढून टाकलं! झूममध्ये ‘ओरिजिनल साऊंड’ नावाची सोय आहे, ती चालू केली की आवाज आहे तसा जातो. आम्ही मात्र गाणं सरळ सर्व्हरला पाठवणारं साधं अ‍ॅप घेतलं आणि आवाज साफ करण्याची खूण काढून टाकली. सेकंड लाइफसाठी गाणं एमपी-३ प्रकारात पाठवलेलं बरं.

माइक गाणारीच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा, टाळ लांब बसवा. आवाजाची पट्टी सारखी लाल होत असेल तर आवाज फाटतो आहे, थोडा कमी करा. पत्र्याच्या खोलीत पाऊस आला की काही ऐकू येत नाही आणि पत्र्यानं मोबाईलची रेंजही अडते, म्हणून खोली आधीच बघून ठेवा. राउटर इनव्हर्टरवर घ्या. मोबाईलवरून पाठवत असाल तर बॅटरी वाचवण्याची सोय बंद करा, नाहीतर पडदा काळा झाला की अ‍ॅपही झोपतं. आणि त्या मोबाईलवर फोन येऊ देऊ नका. विमान मोड लावून मग वाय-फाय तेवढं चालू केलं की साधा फोन सहसा येत नाही, गाणं मात्र जात राहतं.

तिकडच्या बाजूलाही दोन-तीन गोष्टी असतात. ओसरीच्या मालकिणीनं जागेच्या माहितीत, आवाजाच्या रकान्यात, गाण्याचा थेट पत्ता भरायचा. सर्व्हरच्या वेबपानाचा पत्ता भरला तर काही वाजत नाही. थेट पत्त्यात मध्ये किंवा शेवटी बहुधा ८००० सारखा आकडा असतो. तो दाराचा क्रमांक समजा, तो गाळू नका. ऐकणारीनं तिच्या पडद्यावरचं गाण्याचं बटण दाबायला हवं, आणि तिथं गाण्याचा आवाज कमी-जास्त करायची पट्टी वेगळी असते, तीही बघायला हवी. शिवाय तिथं प्रत्येक जागेचं गाणं वेगळं. बाहुली बांध ओलांडून शेजारच्या जागेत गेली की आपलं गाणं बंद. पुष्कळदा बिघाड नसतोच, बाई नुसती बांधापलीकडे उभी असते.

गाणं मात्र आपलं म्हणा. अभंग, ओव्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या आहेत, आपल्या गळ्यानं म्हणायला कुणाची आडकाठी नाही. पण कॅसेटवरचं, सिनेमातलं रेकॉर्डिंग लावलं तर त्यावर कंपनीचा हक्क असतो. यूट्यूब, फेसबुकवर अशी गाणी यंत्रच ओळखतं आणि आवाज बंद करतं.

शेवटची आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट. गाणं बाहेर जात असताना दुसऱ्या मोबाईलवर ते नुसतं रेकॉर्ड करून ठेवा. इंटरनेट तुटलं तरी गाणं राहतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यातल्या पुष्कळ २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर येत आहेत, माजलगावच्या बायांच्याही आहेत. कुणीतरी वेळेवर टिपून घेतल्या म्हणून आज त्या ऐकायला मिळतात. आमच्या पहिल्या पाऊण तासातलं मात्र काहीच हाती नाही. त्यातल्या दोन ओव्या त्या आजींना परत आठवल्या नाहीत.

भूकंपानंतर घरं बांधायच्या कामात आपल्या भागातल्या बायाच ‘संवाद सहायक’ झाल्या होत्या. गावाचं म्हणणं साहेबांपर्यंत आणि साहेबांचं गावापर्यंत त्या पोचवायच्या. शेजारच्या तेलंगणात झहीराबादजवळ माचनूरला २००८ पासून दलित शेतकरी बायांनी ‘संघम रेडिओ’ चालवून दाखवला. तेव्हा हे आपल्याला जमणार नाही असं नाही. फक्त काम वाटून घ्या. एकीनं यंत्र बघायचं, एकीनं रेकॉर्डिंग बघायचं, आणि एकीला दूर बसवायचं, नुसतं ऐकायला.

आता गटाच्या वहीत लिहून घ्या. एक, आदल्या दिवशी त्याच वेळेला, त्याच खोलीतून दहा मिनिटं पाठवून बघा. दोन, घराबाहेरच्या डेटावर ऐका. तीन, अपलोडचा आकडा बघा. चार, आवाज साफ करण्याची सोय बंद. पाच, राउटर इनव्हर्टरवर. सहा, दुसऱ्या मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू. आणि सात, दूरच्या बाईचा “येतंय” असा निरोप आल्याशिवाय म्हाताऱ्या माणसांना गायला बसवू नका.

तिसऱ्या खेपेला आम्ही हे सगळं केलं. आधी मी आणि काकू नुसत्या बोलत राहिलो. तिकडून निरोप आला, “येतंय. जातंही येतंय.” मग आजींनी खुंट्याला हात घातला.

नमस्कार.