ड्रायर कपडे सुकवत नाही

रोवणी सुरू झाली की आमच्या बाह्यरुग्ण विभागात दोन तक्रारी वाढतात. पायाच्या बोटांमधल्या चिखल्या आणि जांघेतला नायटा. चिखल्यांचे कारण कुणाला सांगावे लागत नाही. दिवसभर बांधीत उभे राहिल्यावर दुसरे काय होणार? नायट्याचे कारण विचारले की मात्र उत्तर येते, ‘डॉक्टरसाहेब, कपडे रोज धुतो. घरी मशीन आहे, ड्रायरमधून काढूनच घालतो.’

गोम या ड्रायरमध्येच आहे. करडीपासून भंडाऱ्यापर्यंत घरोघरी दिसते ती दोन टबांची सेमी-ऑटोमॅटिक मशीन. तिच्या उजवीकडच्या लहान टबाला आपण ड्रायर म्हणतो. खरे तर तो पिळणारा आहे. भोकांची टोपली मिनिटाला हजाराहून जास्त वेळा फिरते आणि कपड्यांतले पाणी बाहेर फेकते. त्यात गरम हवा नसते. हाताला कपडा सुकल्यासारखा लागतो, पण शिवण, नाडी आणि इलॅस्टिक ओलेच असतात. नायट्याची जागाही नेमकी तीच, कमरेची आणि जांघेची.

नायटा बुरशीमुळे होतो. खाजवताना त्वचेचे जे सूक्ष्म पापुद्रे पडतात, त्यांच्यासोबत ही बुरशी कपड्यात उतरते आणि तिथे कित्येक आठवडे टिकू शकते. थंड पाणी आणि साबण तिला पुरेसे मारत नाहीत; त्यासाठी साधारण ६० अंशांचे गरम पाणी लागते. म्हणून एकाची चड्डी आणि दुसऱ्याचा टॉवेल एकाच थंड पाण्यात फिरले, एकाच टोपलीत पिळले आणि सात दिवस घरातल्या दोरीवर दमट राहिले, तर एकाचा नायटा घरभर होतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत हा आजार आपल्या देशात हट्टी झाला आहे. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांत सापडलेल्या बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. नेहमीची टर्बिनाफिन गोळी तिच्यावर अनेकदा चालत नाही. त्यात मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब आणून लावली, की खाज दोन दिवसांत थांबते आणि नायटा आतून पसरत राहतो. ती ट्यूब आणू नका, एवढे तरी ऐका.

आता टबाकडे वळू. ड्रायरचे झाकण उघडून वास घ्या. कुबट वास आला तर टोपलीच्या भोकांमागे साबणाचा थर, कपड्यांचा लोंभा आणि काळपट बुळबुळीत मळ साठला आहे. हा मळ म्हणजेच नायट्याची बुरशी असे नव्हे. ओलीत वाढणारे अनेक जंतू त्यात असतात. पण धुतलेले कपडे त्यातून काढून अंगावर घालायचे आहेत.

आधी प्लग काढा. मग धुण्याचा सोडा घातलेले कोमट पाणी आणि जुना ब्रश घेऊन टोपली, झाकणाची आतली बाजू आणि कडा घासा. मगाने पाणी ओतत राहा, ते भोकांतून पाइपात निघून जाते. पाणी तुंबले तर पाइप वर उचललेला किंवा दुमडलेला आहे का ते पाहा. धुण्याच्या टबातली लोंभा अडवणारी जाळी दर धुण्यानंतर रिकामी करा. पावसाळ्यात हे काम पंधरा दिवसांतून एकदा पुरे. टोपलीखाली गेलेले मोजे, नाणी आणि पिना काढायला वर्षातून एकदा मेकॅनिकला बोलवा. तळाचे रबरी सील गळत असेल तर तेही त्याला दिसेल. फरशीचे ॲसिड टबात ओतू नका. ब्लिचिंग पावडरसोबत तर कधीच नाही, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनी तिथला खरा, गरम हवेचा ड्रायर पाहिला असेल. तिथे धोका ओलीचा नसून आगीचा. २००८ ते २०१० या काळात तिथे ड्रायरमुळे दरवर्षी सुमारे २,९०० घरांना आगी लागल्या आणि सर्वांत मोठे कारण होते वेळेवर न काढलेला लोंभा. यंत्र वेगळे, आळस तोच.

नायटा असलेल्याचे कपडे वेगळे भिजवा, शक्य तर कडक पाण्यात, आणि सर्वांत शेवटी पिळा. ऊन निघेल तेव्हा कपडे उलटे करून वाळत घाला. ऊन नसेल तर शिवणींवरून गरम इस्त्री फिरवा. कपडे पिळल्यावर ओला गोळा टोपलीत रात्रभर ठेवू नका. काम झाले की टब कोरड्या फडक्याने पुसा आणि झाकण उघडे ठेवा.

झाकण उघडे ठेवायचे म्हटले की घरात लहान मुले असतात, हे विसरून चालणार नाही. म्हणून बटण बंद करून थांबू नका, प्लगही काढा. मशीन चालू असताना झाकण उचलले की टोपली काही सेकंदांत थांबली पाहिजे. फिरतच राहिली तर ब्रेक गेला आहे. अशा टोपलीत हात घातला की कपडा हाताभोवती गुंडाळला जातो आणि हाड पिळून मोडते. ब्रेक दुरुस्त होईपर्यंत ड्रायर बंद ठेवून हातानेच पिळा. मशीन मोरीजवळ ओल्या फरशीवर असेल तर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर रबरी चप्पल घालून काम भागवू नका; मेन स्विच बंद करा आणि वायरमनला त्याच दिवशी बोलवा.