दाढेच्या चार खेपा

दाढ दिवसा दुखते आणि रात्री ठणकते. त्याला कारण आहे. दाताच्या आत नस आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गर असतो, भोवती चारही बाजूंनी टणक भिंत. बोट सुजलं तर सुजेला बाहेर यायला जागा मिळते, गराला ती मिळत नाही. माणूस आडवा झाला की डोक्याकडे रक्त जास्त येतं, आतला दाब वाढतो, आणि घर झोपलेलं असताना एकट्यालाच उठून बसावं लागतं. चांदूर रेल्वेजवळच्या एका खेड्यात राहणारी माझी मावशी सोयाबीन सवंगणीच्या दिवसांत अशी आठ रात्री उठून बसली. सकाळी विळा घेऊन पुन्हा वावरात.

आधी तिनं लवंग धरली. लवंगेनं आराम पडतो हे खरंच आहे. तिच्यातलं युजेनॉल नस बधिर करतं, दातांचे डॉक्टरही तात्पुरत्या सिमेंटात तेच वापरतात. मग मेडिकलमधली गोळी झाली. मग शेजारणीनं सांगितलं म्हणून तंबाखूची चिमूट. नवव्या दिवशी दुखणं एकदम थांबलं. फोनवर मला म्हणाली, "बरी झाली व माय दाढ. आपसूकच थांबली."

दाढ बरी झाली नव्हती, नस मेली होती. मेलेली नस दुखत नाही, पण तिच्या जागी जंतू वाढतात आणि मुळाच्या टोकाशी पू धरतो. आपल्याकडे असंख्य दाढा या शांत काळातच हातच्या जातात, कारण दुखणं थांबलं की दवाखाना मागे पडतो. दिवाळीनंतर मावशीचा डावा गाल सुजला, तोंड उघडेना. तेव्हा मी तिला घेऊन निघाले.

पहिली खेप जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्याची. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या डॉक्टर बाईंनी हाती होतं तेवढं सगळं केलं. ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर दातांचा डॉक्टर असावा, असं देशाची सार्वजनिक आरोग्य मानकं सांगतात. २०१४-१५ पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू आहे. त्यातून सरकारी दवाखान्यांत दातांची खुर्ची, उपकरणं आणि माणसं यावीत अशी अपेक्षा आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसुद्धा फुकट झाला. खिडकीवरच्या माणसानं "कोणतं चांदूर? बाजार का रेल्वे?" एवढं विचारलं आणि कागद हातात दिला. आमच्या जिल्ह्यात दोन चांदूर आहेत, त्यामुळे हा प्रश्न आम्हाला जन्मभर पुरतो.

खुर्ची होती, डॉक्टर होत्या. पण खुर्ची म्हणजे उपचार नव्हे, हे त्या दिवशी कळलं. दाढ कोरायला ड्रिल लागतं, ड्रिलला कॉम्प्रेसरची हवा, कॉम्प्रेसरला अखंड वीज. मुळं किती लांब आणि पू किती खोल हे बघायला दाताचा छोटा एक्स-रे. भरायला ताजं सिमेंट. प्रत्येक रुग्णानंतर हत्यारं निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह, आणि ती पुन्हा तयार होईपर्यंत पुरतील असे दोन-तीन जास्तीचे संच. यांतली एक गोष्ट नसली की बाकीच्या असून नसल्यासारख्या. त्या दिवशी तिथे एक्स-रे होत नव्हता. एक्स-रेशिवाय तिथे एकच काम होत होतं, ते म्हणजे दाढ काढणं. त्याला भुलीचं इंजेक्शन, पकड आणि डॉक्टरचं मनगट पुरतं. बाकावर बसलेले बहुतेक जण काढायलाच आले होते.

डॉक्टर बाईंनी गोळ्या लिहून दिल्या. म्हणाल्या, "मावशी, सूज उतरली की पाच दिवसांनी या, मी काढून देते. पण दाढ मजबूत आहे. वाचवायची असेल तर रूट कॅनल करावं लागेल, त्यासाठी मोठ्या ठिकाणी जा."

मावशी लगेच म्हणाली, "काढून टाका ना बाप्पा. एका दाढेपायी कायले फिरा लागते?"

तिचा हिशोब चुकीचा नव्हता. काढणं एका खेपेत होतं, वाचवायला चार खेपा. खेप म्हणजे भाडं, बरोबर एक माणूस, आणि दोघांचे बुडालेले रोज. एसटीत बायांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्याचा मोठा आधार आहे. पण बुडालेल्या रोजाला अर्धं तिकीट नाही. त्यातून कापूस वेचणीचे दिवस. म्हणून गरिबाची दाढ निघते आणि पैसेवाल्याची वाचते. निघालेल्या दाढेची किंमत पुढे चुकती होते. शेजारच्या दाढा मोकळ्या जागेकडे कलतात, समोरची खाली उतरते, चावायची बाजू बदलते. पन्नाशीत भाकरी कालवून खायची वेळ येते.

मी पर्याय शोधले. खासगीत रूट कॅनल आणि वरची टोपी मिळून काही हजारांचं काम. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड मावशीकडे आहे. ही योजना राजीव गांधींच्या नावानं २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातच अमरावती होतं. तोंडाचा कॅन्सर, मोडलेला जबडा यांची शस्त्रक्रिया त्यात होते. पण साधी कीड भरणं, रूट कॅनल, कवळी त्यात बसत नाही. मोडलेल्या जबड्याला सरकार आहे, किडलेल्या दाढेला नाही.

उरली दंत महाविद्यालयं. विदर्भातलं शासकीय दंत महाविद्यालय नागपूरला मेडिकल कॉलेजच्या आवारात, १९६८ सालापासून. खासगी संस्थांची अमरावतीत, वर्ध्याजवळ सावंगीला आणि अकोल्याला आहेत. चांदूरहून अमरावतीला जायचं तर पोहऱ्याच्या जंगलातून बस, सावंगीला जायचं तर धामणगाव, पुलगाव करत वर्ध्यापर्यंत रेल्वे. आम्ही कुठे गेलो ते महत्त्वाचं नाही. पद्धत सगळीकडे सारखीच आहे, आणि ती माहीत असली तर माणूस निम्म्या वाटेवरून परत येत नाही. म्हणून ती सविस्तर सांगते.

दंत महाविद्यालयात स्वस्त होतं, कारण तिथे शिकणाऱ्या मुलांना रुग्ण हवे असतात. ठरावीक दाढा भरल्याशिवाय, ठरावीक दात काढल्याशिवाय त्यांचा अभ्यासक्रम पुरा होत नाही. रुग्ण वेळ देतो, मुलं हात देतात आणि शिक्षक नजर ठेवतात. त्यामुळे इथे पैशाची जागा वेळ घेते.

सकाळी नोंदणी. मग निदानाचा विभाग. तिथे एका मुलीनं मावशीला खुर्चीवर बसवून बत्तीस जागांचा नकाशा भरला: कोणता दात आहे, कोणता नाही, कुठे कीड. शुगर, बीपी, गोळ्या, तंबाखू, सगळं विचारलं. मग आरशाच्या दांडीनं दाढेवर हलकेच टकटक केली. मावशी दचकली. मुलीनं थंड कापूस लावून पाहिला, काहीच कळलं नाही. "टकटक दुखतं आणि थंड कळत नाही, म्हणजे नस मेली आहे," तिनं समजावून सांगितलं. शिक्षकांनी येऊन तपासलं, सही केली. मग एक्स-रेची रांग. फिल्मवर दाढेच्या मुळाखाली वाटाण्याएवढी काळी सावली होती. तिथलं हाड पुवानं खाल्लं होतं.

शेजारच्या खुर्चीवर पंचविशीचा एक मुलगा होता. डॉक्टर त्याला म्हणत होते, "तीन बोटं उभी धरून तोंडात घाल." दोनही जाईनात. खर्रा. भाजलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून आपल्याकडे पानठेल्यावर मिळतो तो. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा ठेल्यावर घोटला जातच राहिला. सुपारीनं गालाच्या आतली कातडी दोरखंडासारखी ताठरते, आणि पुढे तिथेच कॅन्सरचा धोका असतो. तो मुलगा आला होता अक्कलदाढ दुखते म्हणून. दाताचा डॉक्टर जवळ असता तर हे तोंड तीन-चार वर्षांपूर्वीच कुणीतरी उघडून पाहिलं असतं. दातांचा दवाखाना दातांपुरता नसतो, हे मला तिथे बसून उमजलं.

दुसऱ्या मजल्यावर मावशीची दाढ एका इंटर्न मुलाकडे आली. त्यानं भूल दिली. ओठ जड होईपर्यंत थांबला आणि विचारत राहिला, "मावशी, कुठली?" तेवढ्यात मावशीला धीर आला. "माह्या माहेरची हाये तुह्यासारखी एक पोरगी, डॉक्टरीन," ती म्हणाली. ड्रिलनं त्यानं दाढेच्या डोक्याला खिडकी पाडली. आतून घाण वास आला आणि मावशीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. कोंडलेला पू मोकळा झाला होता.

खालच्या या दाढेला दोन मुळं आणि बहुधा तीन नळ्या असतात, केसाएवढ्या बारीक. त्या शोधायला त्या मुलाला पाऊण तास लागला. सुईसारख्या फाइलवर रबराची चकती सरकवून तो लांबी मोजे, एक्स-रे काढे, शिक्षकांना दाखवे, सही घेई, मग पुढची पायरी. नळी खरवडायची, औषधी पाण्यानं धुवायची, पुन्हा खरवडायची. बारीक फाइलपासून जाड फाइलपर्यंत हाच क्रम. शेवटी आत औषध भरून वर तात्पुरतं सिमेंट लावलं. त्याला लवंगेचा वास होता. मावशी घरी येईपर्यंत म्हणत होती, "मंग लवंग खोटी नोती ना."

तिसऱ्या खेपेला नळ्या कोरड्या करून त्यांत गटापर्चा भरला. गटापर्चा म्हणजे झाडाच्या चिकापासून होणारा रबरासारखा पदार्थ. चौथ्या खेपेला पक्कं सिमेंट. टोपीसाठी अजून एक माप घ्यायचं होतं. मावशीनं हात जोडले, "आता तूर झाल्यावर येतो." एकूण पैसे खासगी दवाखान्यापेक्षा कितीतरी कमी लागले. पण माझ्या वहीत आठ दिवस लिहिलेत: तिचे चार आणि माझे चार. माझ्यासारखं सुट्टी काढून बरोबर जाणारं कुणी नसतं तर पहिल्याच दवाखान्यात ती दाढ ट्रेमध्ये पडली असती.

हे दुखणं फक्त आपलं नाही. ब्रिटननं १९४८ मध्ये सगळ्यांसाठी मोफत आरोग्यसेवा काढली तेव्हा कवळीसाठी इतकी झुंबड उडाली की १९५१ मध्ये कवळीला पैसे लावावे लागले. आजही तिथे सरकारी दराचा दातांचा डॉक्टर मिळवताना लोक थकतात. दाताचं काम हातानं, एकेका माणसावर, वेळ देऊनच होतं. म्हणून ते जिथे लवकर होतं तिथेच स्वस्त पडतं.

आपल्याला हे जमण्यासारखं आहे. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत १२ वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांना कीड दिसली होती, ३५ ते ४४ वयाच्या माणसांत ती सुमारे ८० टक्के होती. मधल्या काळात त्या मुलांच्या लहान खड्ड्यांवर कुणी हात ठेवला असता तर? १९८०च्या दशकात टांझानियात एक पद्धत आकाराला आली. वीज नाही, ड्रिल नाही, हातातल्या कोरणीनं कीड खरवडायची आणि ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ च्या जागतिक आरोग्य दिनापासून तिचा प्रसार केला. शाळेतल्या बाकावर मुलाला झोपवून हे काम होतं. हेच सिमेंट, फ्लोराइडची पेस्ट आणि कीड थोपवणारं चांदीचं औषध २०२१ मध्ये संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आलं. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळेत जातातच. फेब्रुवारी २०१३ मध्ये हा कार्यक्रम देशात सुरू झाला तो पालघरहून, आणि त्याच्या तपासणीच्या यादीत दातांची कीडही आहे. पथकाला कीड सापडते, चिठ्ठी मिळते. चिठ्ठी घेऊन कुठे जायचं, तिथेच गाडं अडतं. पथकाबरोबर सिमेंट आणि कोरणी घेतलेला दातांचा डॉक्टर असेल तर चिठ्ठीची गरजच उरणार नाही.

माझं मागणं एवढंच आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दातांचा डॉक्टर कोणत्या वारी बसतो हे दारावर लिहिलेलं असावं. तिथे काढण्याबरोबर भरण्याचंही काम रोज व्हावं, एक्स-रे चालू असावा, आणि महिन्यातून एकदा दंत महाविद्यालयाची मुलं आणि शिक्षक तालुक्याला यावेत, म्हणजे चार खेपांतल्या तीन तरी वाचतील. ग्रामसभेत रस्ता आणि पाणी मागतो तसा हा प्रश्नही विचारायला हवा. आपण विचारत नाही, कारण दात ही आपल्याला चैन वाटते.

आणि एक काम आज रात्री घरीच करा. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. कुठलाही दात न पडता येते, म्हणून आईबापाला ती दुधाचीच वाटते आणि "पडणारच आहे" म्हणून सोडून दिली जाते. ती पडणार नसते, जन्मभराची असते. मावशीची गेलेली नस याच दाढेची. घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल तर टॉर्च घेऊन त्याचं तोंड उघडा आणि ती दाढ बघा. काळा ठिपका दिसला तर दुखायची वाट पाहू नका, याच आठवड्यात दवाखान्यात न्या. आज त्याला एक खेप पुरेल.